भूकंप थांबल्यानंतर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीस भूकंप झाला. हजारों माणसें गेलीं. पुढें ५२ गांवें नव्यानें वसलीं. घरें उभीं राहिलीं, पण देहांत बसलेली भीति घरासवें बदलत नाहीं. २१ मार्च २०२४ रोजीं सकाळीं आमच्या हिंगोली जिल्ह्यांत ४.५ व ३.६ क्षमतेचे धक्के बसले, तेव्हां किल्लारी अनुभवलेल्यांच्या छातींत धस्स झालें असल्यास त्यांस भित्रे म्हणूं नये. मज्जासंस्था विचाराच्या आधींच हृदय धडधडविते, स्नायु ताठ करिते. मोठ्या आघातानंतर ती वर्षानुवर्षें जागी राहूं शकते. अशा माणसास 'विसरा आतां' म्हणून भागत नाहीं. त्यानें पाय भुईवर टेकावे, श्वास सावकाश सोडावा. आप्तानें जवळ बसावें. धोका टळला हें देहास कळूं द्यावें. त्रास न सरल्यास डॉक्टरांस भेटावें. भूकंपाच्या इतिहासांत घरांच्या दुरुस्तीसवें ही दुरुस्तीहि नोंदली पाहिजे.