देश चढला तेव्हा, देश उतरला तेव्हा

रस्ते, धरणं, यंत्रं, रूळ यांवर वर्षभरात होणारा खर्च म्हणजे देशाची स्थिर भांडवल गुंतवणूक. आपली नवी विहीर त्यात धरतात, विकत घेतलेली जमीन नाही! २०११-१२ ला ही गुंतवणूक जीडीपीच्या ३४ टक्के होती, २०२०-२१ ला २७ च्या आसपास.

आता आपली नगर-बीड-परळी रेल्वे बघा. मंजुरी १९९५ ची, २६१ किमी, अंदाज ३५३ कोटी. देश चढत होता तेव्हा बीडला रूळ नव्हता. रूळ सरकले ते देशाचा आकडा उतरल्यावर. निम्मा खर्च राज्याचा, एकूण ४,८०० कोटींवर. १७ सप्टेंबर २०२५ ला बीडला गाडी आली. ऊसतोडीला जाणारी माणसं अजून ट्रक-ट्रॅक्टरनंच जातात. तेव्हा परळीचा टप्पा उरला होता.