विलायतेतील मानाचे नंबर

आपल्या मोटारीवर सरकारी नंबर लावणे म्हणजे आपणांस भाडोत्री घोडागाडीवाल्यांच्या, नव्हे तुरुंगातील कैद्यांच्या पंक्तीस नेऊन बसविणे होय, अशी तक्रार इंग्लंडातील मोटारवाल्या धनिकांनी १९०३ साली मोठ्या त्वेषाने केली होती. आणि ज्या वर्गाला हा नंबर म्हणजे आपल्या अब्रूवरील डाग वाटला, त्याच वर्गाच्या नातवंडापतवंडांनी पुढे त्याच नंबरासाठी लिलावात एकमेकांवर चढाओढीने बोली कराव्या, हा त्या देशाच्या सामाजिक इतिहासातील एक मौजेचा अध्याय आहे. कल्पना मूळची इंग्रजांची नव्हे. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ मध्येच प्रत्येक मोटारीवर मालकाचे नाव, पत्ता आणि क्रमांक असलेली धातूची पाटी लावण्याचा हुकूम काढला होता. इंग्लंडात मात्र हे प्रकरण १९०३च्या मोटारविषयक कायद्याने आले. वॉल्टर लाँग या मंत्र्याने तो पार्लमेंटात मांडला, तेव्हा खेड्यापाड्यांतून धुरळा उडवीत, कोंबड्या चिरडीत भरधाव जाणाऱ्या आणि मागे आपली ओळखही न ठेवणाऱ्या या वाहनांविरुद्ध ग्रामीण प्रजेत तीव्र असंतोष होता. तेव्हा सरकारने एक देवघेव केली: ताशी चौदा मैलांची वेगमर्यादा वीस मैलांवर नेली आणि त्या बदल्यात मोटारवाल्याच्या पाठीवर ओळखीचा शिक्का मारला. मोटारीच्या नोंदणीची फी वीस शिलिंग, फटफटीची पाच शिलिंग. आणि अंमल १ जानेवारी १९०४ पासून.

ही नोंदणी लंडनातील एका मध्यवर्ती दफ्तरात न होता प्रत्येक परगण्याच्या आणि मोठ्या शहराच्या कौन्सिलकडे सोपविण्यात आली, आणि पुढे शतकभर चाललेल्या सर्व व्यापाराचे बीज या एका निर्णयात आहे. प्रत्येक कौन्सिलास एक किंवा दोन अक्षरे नेमून दिली व त्या अक्षरांपुढे एकापासून नऊ हजार नऊशे नव्याण्णवपर्यंत आकडे देण्याची मुभा दिली. अक्षरांची वाटणी १९०१च्या खानेसुमारीतील लोकसंख्येच्या उतरत्या क्रमाने झाली. म्हणून ए हे अक्षर लंडनला, बी लँकेशायरला, सी यॉर्कशायरच्या पश्चिम विभागाला आणि डी केंटला गेले. स्कॉटलंडसाठी जी, एस आणि व्ही ही अक्षरे राखली, आयर्लंडसाठी आय आणि झेड. कारकुनी सोयीपलीकडे यात कोणाचा काही हेतू नव्हता. कारकुनाच्या हिशेबाबाहेर राहिलेल्या गोष्टींचा पहिला प्रत्यय डॉर्सेट परगण्याला आला. त्याच्या वाट्यास बी आणि एफ ही अक्षरे आली, आणि ती तर सभ्य मंडळींतही चारचौघांत न उच्चारल्या जाणाऱ्या, मूर्खपणा दर्शविणाऱ्या एका शिवीची आद्याक्षरे निघाली. आपल्या मोटारीवर ही पदवी मिरवण्यास तेथील प्रतिष्ठित लोक राजी होईनात, तेव्हा १९०४च्या अखेरीस ती अक्षरे रद्द करून एफ-एक्स अशी नवी जोडी द्यावी लागली. म्हणजे कायदा अमलात येऊन वर्षही लोटले नव्हते, तोच आकड्याला अर्थ चिकटला होता.

लंडनचा पहिला नंबर, म्हणजे ए १, दुसरे अर्ल रसेल यांनी मिळविला. तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांचे हे वडील बंधू. नंबर हाती पडावा म्हणून ते रात्रभर कौन्सिलच्या कचेरीबाहेर उभे राहिले, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा रचलेली, ज्या नंबराविरुद्ध त्यांचे समानधर्मी ओरडत होते त्याच्यासाठी एक सरदार रांगेत उभा राहू शकतो, हे लोकांना तत्काळ पटले, यातच सर्व काही आले. वास्तविक ए १ हा देशातील पहिला दिलेला नंबर नव्हे. हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावाने आपला डी-वाय १ त्यापूर्वीच, १९०३च्या नोव्हेंबरात, देऊन टाकला होता. परंतु मानाला इतिहासाची फारशी तमा नसते. ए १चा पुढील प्रवास पाहण्यासारखा आहे. रसेलसाहेबांकडून तो लंडन कौन्सिलच्या अध्यक्षांकडे गेला, त्यांच्याकडून मोटारींच्या एका व्यापाऱ्याकडे. त्या व्यापाऱ्याने आयुष्यभर तो एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर चढविला आणि १९५० साली मरताना मृत्युपत्रात एका स्नेह्याच्या नावे लिहून ठेवला. पुढे तो विकला जाऊन डनलप या टायरच्या कंपनीकडे गेला आणि आलेली रक्कम अंध लोकांना वाट दाखविणारे कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेस मिळाली. घरदार, शेतीवाडी, दागदागिने यांच्या जोडीला मृत्युपत्रात मोटारीचा आकडाही यावा, यावरून तो लोकांच्या मनात केव्हाच मालमत्ता होऊन बसला होता हे उघड आहे.

कायद्याच्या मनात मात्र तसे नव्हते. १९२०च्या रस्तेविषयक कायद्यानंतर प्रत्येक वाहनाला स्वतंत्र नोंदणीपुस्तिका मिळू लागली. बदामी रंगाच्या जाड कागदाची, घडीची, मालक बदलला की नवे नाव आणि कौन्सिलचा रबरी शिक्का अंगावर घेणारी ही पुस्तिका जुन्या मोटारींच्या शौकिनांना आज देवघरातल्या पोथीसारखी जपून ठेवावीशी वाटते. नियम असा झाला की नंबर वाहनाचा, वाहन मोडीत निघेपर्यंत त्याच्याबरोबर राहावयाचा. तो काढून दुसऱ्या वाहनास द्यावयाचा असेल तर कौन्सिलची मर्जी लागे. मर्जी आली की मिनतवारी आली, आणि मिनतवारीच्या पाठोपाठ दलाल आलाच. जाहिरातींतून जुने नंबर विकणारे अडते निघाले. आद्याक्षरे जुळावी म्हणून आडगावच्या मृत शेतकऱ्याची गंजकी फटफटी शोधीत हिंडणारे लोक निघाले. तरीही हा बराच काळ हौशी मंडळींचाच छंद राहिला. १९३२ साली स्टॅफर्ड परगण्याने अक्षरे संपल्यामुळे तीन अक्षरी नंबर सुरू केले, तेव्हा नावे आणि शब्द जुळविण्यास थोडा अधिक वाव मिळाला, इतकेच.

खरा पालट घडविला तो १९६३ साली नंबराच्या शेवटी जोडलेल्या एका अक्षराने. त्या वर्षाच्या गाड्यांना ए, पुढच्या वर्षीच्यांना बी, असा क्रम लागला आणि १९६५ पासून तो ग्रेट ब्रिटनात सर्वत्र सक्तीचा झाला. अक्षरांचा साठा वाढावा, हा त्यामागचा साधा उद्देश. पण आता प्रत्येक मोटार आपली जन्मतारीख कपाळावर घेऊन फिरू लागली. शेजाऱ्याने यंदाची गाडी घेतली की नाही, हे खिडकीचा पडदा सरकवून एका दृष्टिक्षेपात कळू लागले. साहजिकच ज्याला आपल्या गाडीचे वय लपवावयाचे, त्याला १९६३ पूर्वीचा, वर्षाचे अक्षर नसलेला जुना नंबर हवाहवासा झाला. उत्तर आयर्लंडने तर असे अक्षर कधीच स्वीकारले नाही. त्यामुळे तिकडचे आय आणि झेड असलेले नंबर इंग्लंडातील जुन्या मोटारींवर येऊन बसू लागले आणि आजही बसतात. याउलट, वर्षाच्या अक्षरातून शब्द जुळविण्याची नवी करमणूकही सुरू झाली. जिमी टारबक या विनोदी नटाने १९६५च्या सी अक्षराचा उपयोग करून गाडीवर कॉमिक हा शब्द साधला, जादूगार पॉल डॅनियल्सने त्याच अक्षरावर मॅजिक साधला. जुनी गाडी नवी भासविण्याची वाट मात्र सरकारने बंद केली: वाहन त्याच्या वयापेक्षा तरुण दिसेल असा नंबर त्यास देता येत नाही, वृद्ध किंवा वयहीन दिसेल असा देता येतो.

१९७४ साली नोंदणीचे काम कौन्सिलांकडून निघून वेल्समधील स्वान्सी येथील मध्यवर्ती कचेरीत गेले. जुन्या नोंदवह्या गणकयंत्रात चढविण्याचे काम वर्षानुवर्षे चालले आणि १९८३च्या अखेरीस दरवाजा बंद झाला. ज्यांनी तोवर आपली पुस्तिका पाठविली नाही त्यांचे नंबर दप्तरातून गळाले. नंतर जुने दाखले दाखवून ते गाडीस परत मिळू शकतात, पण अशा रीतीने परत मिळविलेला नंबर दुसऱ्या गाडीस देता येत नाही. या काळातील हस्तांतराची रीत मोठी मासलेवाईक होती. नंबर हा वाहनाशिवाय अस्तित्वातच नसल्यामुळे तो विकत घ्यावयाचा म्हणजे ज्या फटफटीवर तो होता ती फटफटी चालू असावी लागे, तिचा कर भरलेला असावा लागे, तपासणीचा दाखला असावा लागे; मग ती पन्नास पौंडांचीही नसेना का. कित्येक दलालांच्या वखारीत केवळ नंबर वाहण्यासाठी पाळलेल्या अशा मरतुकड्या मोपेडी ओळीने उभ्या असत, आणि सरकारी तपासनीस त्यांच्या चासीचा आकडा वाकून वाकून वाचून नोंदीशी ताडून पाही. पुढे नंबर गाडीवरून उतरवून कागदावर ठेवून देण्याची सोय झाली, तेव्हा या बिचाऱ्या मोपेडींची नोकरी सुटली.

इतकी वर्षे दुसऱ्यांनी केलेली कमाई पाहून अखेर सरकारलाच शहाणपण सुचले. १९८३ साली वर्षाचे अक्षर नंबराच्या आरंभी आले, तेव्हा प्रत्येक मालिकेतील एक ते वीस हे आकडे वाटपातून काढून बाजूला ठेवले गेले होते. १९८९च्या वित्तविषयक कायद्याने असे नंबर विकण्याचा अधिकार मिळाला आणि त्याच डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टीज या चित्रशिल्पांच्या विख्यात लिलावगृहात सरकारी नंबरांचा पहिला लिलाव झाला. त्यात १ ए हा नंबर होता. तेव्हापासून या विक्रीने खजिन्यात दोन अब्ज पौंडांहून अधिक भर पडली आहे. २००६ साली ५१ पुढे एन-जी-एच हा नंबर, इंग्रजी पाचाला एस आणि एकाला आय मानले की सिंह हे आडनाव वाचता येते म्हणून, दोन लाख चौपन्न हजार पौंडांना गेला. तिकडच्या पंजाबी बांधवांच्या उत्कर्षाचा इतका बोलका दाखला दुसरा क्वचितच सापडेल. २०१४ साली २५ ओ हा नंबर पाच लाख अठरा हजारांना विकला गेला, कारण ओ हे अक्षर शून्यासारखे दिसते आणि फेरारीची २५० ही मोटार संग्राहकांची लाडकी आहे. ओ हे अक्षर बर्मिंगहॅम शहराला खानेसुमारीच्या हिशेबाने मिळाले होते. एसेक्स कौन्सिलनेही आपला १९०४चा एफ १ शतकाहून अधिक काळ सांभाळून २००८ साली पावणेचार लाख पौंडांना विकून टाकला. ज्या मोटारशर्यतींमुळे त्याला ही किंमत आली, त्यांचे नावही एफ हे अक्षर वाटणाऱ्या कारकुनाने ऐकले नव्हते.

एवढे मोल देऊनही घेणाऱ्याच्या हाती येते काय? नंबर नव्हे. नंबर सरकारचाच राहतो. विकला जातो तो आपल्या गाडीस तो लावून घेण्याचा हक्क, आणि लावून घेण्याची फी ऐंशी पौंड निराळी. अक्षरांमधील अंतर कमीजास्त करून, किंवा पाटी बसविण्याचा स्क्रू मोक्याच्या जागी मारून त्याच्या काळ्या टोपीने एका अक्षराचे दुसरे अक्षर करून मन रिझविणारे सापडले तर हजार पौंडांपर्यंत दंड होतो आणि हक्कही जाऊ शकतो. आपल्याकडे इंग्रजी ४१४१ला वळण देऊन त्याचा ‘दादा’ आणि २१४चा ‘राम’ करणाऱ्या रंगाऱ्यांना हे सांगितले तर त्यांना ते ओळखीचेच वाटेल. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली चारचाकीच्या ०००१ या नंबराची फी तीन लाखांवरून पाच लाख रुपये केली, मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी सहा लाख. आणि त्याच वेळी असा नंबर पती, पत्नी, मुलगा वा मुलगी यांच्या नावे करण्याची परवानगी दिली. परक्याला विकण्याची दिली नाही. आकड्याची हौस ज्याची त्याने पुरवावी, हवा तर वारसाला द्यावा, पण त्याची अडत मांडू नये, ही आपली व्यवस्था विलायतेतील शंभर वर्षांच्या अनुभवापुढे मला तरी अधिक समंजस वाटते.