दादरची भाड्याची घरे

दादरच्या हिंदू कॉलनीतील जुन्या इमारती पाहिल्या की वाटते, त्या निव्वळ राहण्यासाठी बांधल्या असाव्यात. माझ्या मते त्या मध्यमवर्गाच्या म्हातारपणाची तरतूदही होत्या. 1896च्या प्लेगनंतर 1898 साली मुंबईत सुधार ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याचे भूखंड पाडले. त्यांवर दोन-तीन मजली घरे उठली: एका मजल्यावर मालक, उरलेल्यांत भाडेकरू, मधे सामाईक जिना आणि रस्त्याकडे गॅलरी. भाड्यावर घर चाले. व्हीजेटीआय 1923 साली माटुंग्यात आले, रुईया कॉलेज 1937 साली सुरू झाले, आणि शिक्षणाच्या सोयीमुळे या वस्तीची ओढ वाढली.

भाड्यावर घर चालवण्याची सोय मोडली ती 1947च्या भाडेनियंत्रण कायद्याने, कारण भाडे 1 सप्टेंबर 1940च्या पातळीला बांधले गेले. कायदा नसता तर गिरणगावातली आणि दादरचीही हजारो कुटुंबे रस्त्यावर आली असती, हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच तो कायदा त्या काळी आवश्यक होता. पण भाडे वर्षानुवर्षे तिथेच राहिल्याने दुरुस्तीला पैसा उरला नाही, आणि पागडीचा, म्हणजे भाडेहक्कासाठी एकरकमी पैसे घेण्याचा, व्यवहार बेकायदा असूनही फोफावला. अनेक कुटुंबांची इमारत विकत घेणारा म्हणजे भाडेकरूंसह घेणारा. अशा घराला सामान्य गिऱ्हाईक कुठून मिळणार? मग बिल्डरच उरला. भाडेकरूला संरक्षण द्यायलाच हवे होते, पण त्याचा भार एकट्या घरमालकावर टाकणे ही चूक होती. पागडीला कायदेशीर मान्यता मिळाली ती थेट 1999च्या कायद्याने.