ऐंशी रुपयांचे भांडवल

घरातील माणसे धंद्याला हात का घालतात, असे विचारले की 'गरज' हे उत्तर आपल्या ओठांवर तयार असते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. गरज घरोघरी असते. तरी बहुतेक घरे पाऊल उचलीत नाहीत. मग काही घरे ते कशाच्या बळावर उचलतात? हे शोधण्यासाठी आम्ही वाचकांना गिरगावातील एका गच्चीवर घेऊन जातो.

१५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटावयास बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांपैकीच एक. शिक्षण बेताचे, घरची मिळकत तुटपुंजी. हाती कला मात्र लहानपणापासूनची. छगनलाल पारेख ऊर्फ छगनबापा या समाजसेवकांकडून ऐंशी रुपये उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली आणि ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याकडे गेली. पुढे पावसाळा आला, उन्हाअभावी चार महिने काम बंद पडले. पुढच्या वर्षी या भगिनींनी खाट व शेगडी आणली. खाटेवर पापड, खाली विस्तव. अडचणीचे उत्तरही घरच्याच सामानातून निघाले!

हळूहळू बायका वाढल्या, जागा अपुरी पडू लागली. तेव्हा केंद्रावर पीठ मळावे, ते भगिनींनी घरी नेऊन लाटावे आणि वाळलेले पापड परत आणून द्यावेत, अशी पद्धत पडली. 'लिज्जत'च्या वाढीचे मर्म आम्हांस येथे दिसते. नव्याने येणाऱ्या बाईला भांडवल उभारावे लागत नव्हते, गिऱ्हाईक शोधावे लागत नव्हते, की तान्हे मूल सोडून बाहेर जावे लागत नव्हते. जी भीती सामान्य कुटुंबाला धंद्यापासून दूर ठेवते, ती सर्वांनी मिळून वाटून घेतली होती.

दुसरे मर्म मानाचे. येथे लाटणारी बाई मजूर नव्हे, सहमालक. नफा सर्वांचा आणि तोटाही सर्वांचा. देणगी घ्यावयाची नाही, हा निर्धार प्रारंभापासूनचा. हिशेब चोख असावा आणि स्वस्ताईसाठी माल हलका करू नये, हा छगनबापांचा आग्रह. १९६६ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली. पुढे भगिनींची संख्या चाळीस हजारांवर गेली, आणि २०२१ मध्ये जसवंतीबेन यांना पद्मश्री जाहीर झाली.

या कथेला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. लाटणे कष्टाचेच; मोबदला वजनावर, म्हणजे हात थांबला की मिळकत थांबली. तरीही बायका येत राहिल्या, कारण स्वतःच्या कमाईतून मुलाची फी भरताना कुणापुढे हात पसरावा लागत नव्हता.

आपल्या कुटुंबांतही लोणची, केक, शिवणकाम यांत निष्णात हात कमी नाहीत. त्यांचे आपण सणासुदीला कौतुक करतो आणि मुलांना मात्र नोकरीचीच वाट दाखवितो. उणीव कलेची नाही, ऐंशी रुपयांचीही नसावी. सोबत बसणाऱ्या सहा जणी आणि शब्दावर विश्वास टाकणारा एक शेजारी, एवढे आपण एकमेकांना देऊ शकतो का?