सरकलेल्या मणक्याची कुळकथा

नीरा-भीमेच्या संगमावरचं नरसिंहपूर आणि भोवतालचा इंदापूर-बारामतीचा ऊसपट्टा. इथं दिवसभर वाकून कोयता चालवायचा आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. कंबर धरली की कुणीतरी सांगतंच, ‘मणक्यात गॅप आलाय, बसवून घे.’ पण गादी मागे फुगून नस दाबते तो आजार वेगळा, आणि अख्खा मणका खालच्या मणक्यावरून पुढे घसरतो तो वेगळा.

घसरलेला मणका पहिल्यांदा लक्षात आला तो बाळंतपणात. १७८२ मध्ये बेल्जियमचे प्रसूतितज्ज्ञ एर्बिनियो यांना कमरेच्या तळाशी पुढे आलेलं हाड बाळाची वाट अडवताना आढळलं. १८५४ मध्ये जर्मनीच्या किलियन यांनी त्याला ‘स्पॉन्डिलोलिस्थेसिस’ हे नाव दिलं. शरीराच्या भारानं मणका हळूहळू घसरतो, असं त्यांना वाटे. पुढे नॉयगेबाउर यांच्यासारख्या अभ्यासकांनी सांगाडे तपासले, तेव्हा मणक्याच्या मागच्या कमानीतला अरुंद हाडाचा पूल नजरेत भरला. तो तुटला किंवा ताणून लांबला की मणक्याला पुढे जायला वाट मिळते. वाढत्या वयात पाठ पुन्हा पुन्हा मागे वाकवणाऱ्या वेगवान गोलंदाजांचा हा पूल म्हणूनच तडकतो.

१८९५ मध्ये क्ष-किरण आले आणि जिवंत माणसाचा मणका दिसू लागला. १९३२ मध्ये अमेरिकेतल्या मायरडिंग यांनी खालच्या मणक्याच्या पृष्ठभागाचे चार भाग पाडून घसरण मोजली. पाव भागापर्यंत पहिली पायरी, अर्ध्यापर्यंत दुसरी. हेच माप आजही रिपोर्टवर असतं. उतारवयात पूल शाबूत असूनही सांधे आणि गादी झिजून मणका घसरतो, आणि तो प्रकार बायकांत अधिक.

ही पायरी घसरण सांगते, दुखणं किती ते सांगत नाही. कित्येकांचा मणका सरकलेला असतो आणि त्यांना पत्ताही नसतो. बहुतेकांना काही दिवस ओझं टाळून, पोटापाठीचे स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामानं आराम पडतो. पाठीवर पाय देऊन किंवा झटका देऊन मणका जागेवर बसत नाही. उलट नसेला इजा होऊ शकते. पायातली ताकद कमी झाली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं. मोळी उद्याही उचलता येईल. दबलेली नस फार काळ थांबत नाही.