शब्दांचे औषध: आबे फारिया ते आरोग्य केंद्र

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. आपण सगळे त्याच्यासमोरून शेकडो वेळा गेलो असू. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ साली उभा राहिला. कोसळणारी बाई आणि तिच्यावर हात रोखलेला पाद्री पाहून पाहुणे विचारतात, हा जादूगार कोण? गंमत अशी, की यात जादू नाही हेच तो बिचारा जन्मभर सांगत होता.

कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा गोंयकार बापाबरोबर लिस्बनला गेला आणि पुढे पॅरिसला पोचला. देवळात प्रवचन देताना त्याची बोबडी वळली, तेव्हा बापाने हळूच कोकणीत 'कातर रे भाजी' म्हटले आणि त्याची वाचा मोकळी झाली, ही आख्यायिका आपल्याला ठाऊक आहेच. त्या काळी युरोपात मेस्मरच्या 'चुंबकीय द्रवा'चे खूळ होते. १८१३ पासून पॅरिसात जाहीर प्रयोग करताना फारियाने सांगितले, की असा द्रव वगैरे काही नसतो. झोप लागते ती झोपणाऱ्याच्याच मनामुळे. बाहेरून मिळते ती फक्त सूचना. १८१९ मध्ये त्याचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी तो वारला.

शब्दाने मन हलते, हा विचार मांडणारा माणूस आपल्या मातीतला. पण आपल्याकडे मानसिक आजार म्हटला की आठवायचे ते अल्तिनोवरचे, त्याच फारियाचे नाव दिलेले इस्पितळ, आणि नंतर बांबोळीची संस्था. घरात कोपऱ्यात बसून राहणाऱ्या आजीचा तिथे काय संबंध? तिला आजार कुठे होता, तिचे 'वय झाले' होते! विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांचा गोव्यातला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात लोकांनी नेमके हेच सांगितले. विसरभोळेपणा म्हणजे म्हातारपण. आणि उदासी म्हणजे मुलांनी माया केली नाही त्याचे फळ. दोन्हीला डॉक्टर लागतो असे फारसे कुणाला वाटत नव्हते.

पुढे जे घडले त्याचा मला, सरकारी कारकून म्हणून, विशेष आनंद वाटतो. 'मानस' या प्रकल्पात १२ सरकारी आरोग्य केंद्रे आणि १२ खाजगी दवाखाने घेतले होते. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी रुग्णांशी बोलायचे, अशी योजना होती. २०१० साली निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत समुपदेशक होते तिथे सहा महिन्यांनी ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले होते, नव्हते तिथे ४२.५ टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र फारसा फरक दिसला नाही. सरकारी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत!

मग वृद्धांसाठी वेगळा प्रयोग झाला. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी साठीच्या पुढच्या १८१ जणांना घेतले. त्यांना उदासीची लक्षणे होती, पण पुरता आजार जडला नव्हता. अडचणी एकेक करून कशा सोडवाव्यात, झोप कशी सुधारावी, मधुमेह कसा सांभाळावा, सरकारी मदत कशी मिळवावी, हे साध्या समुपदेशकांनी शिकवले. वर्षभरात त्यांच्यापैकी ४.४० टक्के लोकांना नैराश्याचा आजार झाला. नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण १४.४४ टक्के होते.

फारियाचे संमोहन आणि हे समुपदेशन एक नव्हे, हे मी जाणतो. शिवाय तीव्र आजारात औषधे लागतातच. पण अर्ज घेऊन खिडकीशी येणारे म्हातारे मी रोज पाहतो. अर्जाचे काम दोन मिनिटांचे असते आणि ते दहा मिनिटे बोलतात. झोप येत नाही, जेवण जात नाही, कुणी विचारत नाही... मागची रांग चुळबुळते. त्यांचे बोलणे वायफळ नसते, ते लक्षण असू शकते, हे मला या अभ्यासांनी शिकवले.

तुमच्या घरातही असे कुणी असेल. 'वय झाले' म्हणून वाक्य संपवू नका. आधी त्यांचे ऐका, आणि मग त्यांना जवळच्या आरोग्य केंद्रात घेऊन जा.