रताळं कुठून आलं, आणि उपासापुरतंच का उरलं?

आषाढी एकादशीच्या आदल्या बाजारी रताळ्यांचे ढीग लागतात, भाव चढलेला असतो, तरी प्रत्येकीच्या पिशवीत किलो-दोन किलो पडतातच. द्वादशीला कोणी रताळ्याकडे ढुंकून बघत नाही. महाशिवरात्रीला पुन्हा तीच गर्दी. मधल्या काळात घरात कोणी रताळी आणली, तर सासूबाई विचारतात, “आज कसला उपास गं?”

म्हणून आज आम्ही रताळ्याची गोष्ट सांगणार आहोत. आधी इतिहास, मग चूल.

उपासाचं ताट डोळ्यांसमोर आणा. रताळं, बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची, साबुदाणा, राजगिरा. आपल्याला वाटतं, हे सगळं ऋषिमुनींच्या काळापासून चालत आलेलं. पण यातल्या एकूण एक पदार्थाचं मूळ अमेरिका खंडात आहे. कोलंबस 1492 साली तिकडे पोचला, त्यानंतर ही पिकं जगभर गेली. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओकाही तिकडचाच, आणि आपल्याकडे सेलममध्ये साबुदाण्याचे कारखाने निघाले ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. ताटातले वरी आणि शिंगाडा तेवढे इथले जुने. कोणाच्या श्रद्धेला नावं ठेवायला हे सांगत नाही. आपल्याच आज्या-पणज्यांनी नवी वस्तू पारखली, ती धान्यात मोडत नाही हे पाहिलं आणि उपासाला चालवून घेतली. त्यांनी नवं स्वीकारलं, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

रताळं मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. पोर्तुगीज लोक 1498 साली कालिकतला उतरले, 1510 साली त्यांनी गोवा घेतला. त्यांच्या व्यापारातून रताळं आपल्या किनाऱ्यावर आलं. आता नावाची गंमत ऐका. कॅरिबियन बेटांवरचे मूळ रहिवासी रताळ्यालाच ‘बटाटा’ म्हणत. स्पॅनिश आणि पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला. पुढे खरा बटाटा आला आणि रताळ्याचं नाव त्याला चिकटलं. इंग्रजीतलं ‘पोटॅटो’ही आधी रताळ्याचंच नाव होतं. म्हणजे रोज आपण भाजीला बटाटा म्हणतो, ते रताळ्याचं नाव घेतो! आणि आपला ‘रताळं’ हा शब्द आला संस्कृतातल्या ‘रक्तालु’वरून, म्हणजे लाल कंद. आलेल्या पाहुण्याला आपण घरातलंच जुनं नाव दिलेलं दिसतं.

रताळं युरोपी जहाजांच्याही आधी समुद्र ओलांडून गेलं होतं. पॅसिफिक महासागरातल्या कुक बेटांवर रताळ्याचे जळके तुकडे सापडले आहेत, ते कोलंबसाच्या कितीतरी आधीचे. न्यूझीलंडचे माओरी लोक त्याला ‘कुमारा’ म्हणतात, आणि दक्षिण अमेरिकेतल्या क्वेचुआ भाषेतला शब्दही जवळजवळ तसाच आहे.

पण आम्हाला सगळ्यात भिडली ती दुष्काळाची गोष्ट. चीनमधल्या फुजियान प्रांताचा एक व्यापारी, चेन झेनलाँग, फिलिपिन्सच्या लुझॉन बेटावर व्यापाराला जायचा. तिथे त्याने रताळं पाहिलं. वेल बाहेर न्यायला बंदी होती. असं सांगतात, की 1593 साली त्याने वेलाचे तुकडे जहाजाच्या दोरखंडात गुंडाळून लपवले आणि घरी आणले. पुढच्याच वर्षी फुजियानमध्ये भात गेला. तिथल्या सुभेदाराने रताळं लावा म्हणून लोकांना सांगितलं, आणि माणसं जगली.

जपानातही तेच घडलं. मायदा रिएमोन नावाच्या एका कोळ्याने 1705 च्या सुमारास दक्षिणेच्या बेटांवरून रताळं आपल्या गावी, सात्सुमा भागात आणलं. 1732 साली पश्चिम जपानात टोळधाडीने आणि किडीने भात फस्त केला, मोठा दुष्काळ पडला. जिथे रताळं होतं तिथे लोक तगले. हे पाहून 1735 साली आओकी कोन्यो या विद्वानाने राजधानीच्या बागेत रताळ्याची लागवड करून दाखवली. लोक त्याला ‘रताळेगुरुजी’ म्हणू लागले. आणि त्या कोळ्याच्या नावाने गावी देऊळ आहे. साध्या कोळ्याचं देऊळ, तेही रताळ्यासाठी!

का बरं दुष्काळात रताळं तगतं? कंद जमिनीखाली असतो, टोळांना दिसत नाही. वेल जमिनीवर पसरून ओल धरून ठेवतो. हलक्या जमिनीतही येतो. साडेतीन-चार महिन्यांत खायला मिळतं. आणि बी विकत घ्यावं लागत नाही, शेजारणीकडून वेलाचा तुकडा मागून आणला की झालं.

एवढं उपकारी पीक, मग मान का कमी? आम्हाला वाटतं, जे पीक उपाशीपोटी वाचवतं त्याला लोक गरिबाचं अन्न म्हणतात आणि बरे दिवस आले की ताटातून काढतात. नाचणीचं, बाजरीचं तेच झालं. रताळ्याला आपल्याकडे निदान उपासाने तरी धरून ठेवलं.

आता आपल्या गटांतलं बोलू. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. उपास बायकाच जास्त करतात आणि त्या दिवशीही शेतात खुरपायला जातात. सकाळी नुसता चहा, दुपारी तेलातुपात निथळणारी साबुदाण्याची खिचडी, रात्री डोकं दुखतं आणि छातीत जळजळ. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ सत्त्व. रताळ्यात चोथा आहे, क जीवनसत्त्व आहे, पोट भरतं आणि टिकतं. उपास सोडा असं आम्ही म्हणत नाही. उपासाला काय खाता ते तेवढं बदलून बघा.

सगळ्यात सोपं, उकडणं. माती नीट धुवा, साल काढू नका. कुकरच्या तळाशी पाणी, वर भांड्यात रताळी कोरडीच ठेवा. मध्यम जाडीची असली तर तीन शिट्ट्या पुरतात. पाण्यात बुडवून शिजवली तर पाणचट होतात आणि सत्त्व पाण्यात जातं. वरून मीठ, जिरेपूड, लिंबू. साखरेच्या पाकात घोळवायची गरज नाही, ते मुळात गोड आहे.

चुलीच्या फुफाट्यात भाजलेल्या रताळ्याची चव तर कशालाच नाही. मंद धगीवर रताळ्यातल्या पिठाची हळूहळू साखर होते, म्हणून ते जास्त गोड लागतं. त्याच कारणाने मधुमेह असलेल्या बाईने भाजलेल्यापेक्षा उकडलेलं खावं, तेही बेताने आणि भाकरीच्या ऐवजी. भाकरीही पोटभर आणि वर रताळंही, असं नको.

घाईच्या दिवशी कीस करा. रताळं किसून लगेच पाण्यात टाकायचं, म्हणजे काळं पडत नाही. कढईत चमचाभर तूप, जिरं, मिरची, मग पिळून घेतलेला कीस. झाकण ठेवून सात-आठ मिनिटं, शेवटी दाण्याचं कूट. यात साबुदाण्यासारखं रात्री भिजवायचं विसरलं म्हणून अडत नाही. तव्यावर पातळ काप चमचाभर तेलात परतले तर मुलं वेफर मागत नाहीत (निदान त्या दिवशी तरी).

उपास नसतानाचा आमचा आवडता पदार्थ म्हणजे धपाटे. उकडलेलं रताळं कुस्करून त्यात ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, चिरलेली मेथी, तीळ, लसूण-मिरची. पाणी जवळजवळ लागतच नाही. मुलांच्या डब्यात दुपारपर्यंत मऊ राहतात. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला वरच्या खाण्यात नीट कुस्करलेलं रताळं दोन थेंब तूप घालून देता येतं.

आणि वेलाचे कोवळे शेंडे टाकू नका. फिलिपिन्समध्ये आणि आफ्रिकेत त्याची रोजची भाजी करतात. एक उकळी काढून पाणी फेकायचं, मग लसूण आणि लाल मिरचीची फोडणी. एक जपायचं. भुंगा लागलेलं, बुरशी आलेलं, कडू लागणारं रताळं खायचं नाही आणि गुरांनाही घालायचं नाही, त्यात विषारी द्रव्य तयार होतं.

आता रंगाचं. आपल्या बाजारातलं लाल सालीचं रताळं आतून पांढरं असतं. आतून केशरी रताळंही असतं आणि त्यात अ जीवनसत्त्व तयार करणारं द्रव्य भरपूर असतं, गाजरासारखं. ते अंगी लागायला सोबत थोडं तेल-तूप लागतं. अ जीवनसत्त्व कमी पडलं की लहान मुलांना रातांधळेपणा येतो, साध्या आजारानेही मूल खचतं. आफ्रिकेत मोझांबिक, युगांडा या देशांत केशरी रताळ्याचे वेल गावोगावच्या बायकांपर्यंत पोचवले गेले, कारण तिथे रताळं हे बायकांचंच पीक. त्या कामासाठी मारिया आंद्रादे, जॅन लो आणि रॉबर्ट म्वांगा यांना 2016 साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, त्यांच्याबरोबर हॉवर्थ बुईस यांनाही.

आपल्या देशातही हे वाण आहेत. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेने केशरी गराचं ‘भू सोना’ आणि जांभळ्या गराचं ‘भू कृष्णा’ काढलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं ‘कोकण अश्विनी’ आहे, ते पांढऱ्या गराचं. केशरी वाणाचे वेल हवे असतील तर गटाने मिळून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात अर्ज द्या. एकटीने विचारलं तर ‘बघू’ म्हणतात, गटाचा कागद गेला की हलतात.

लावायचं कसं? वेलाच्या शेंड्याकडचा वीतभर तुकडा, तीन-चार डोळ्यांचा, पावसाळ्याच्या सुरुवातीला वरंब्यावर खोचायचा. परसात सांडपाण्याच्या कडेला चार हात जागा असली तरी चालतं, फक्त पाणी तुंबू देऊ नका. एका घरी वेल वाढला की त्याचेच तुकडे पुढच्या महिन्यात गटातल्या बाकीच्यांना वाटता येतात. कोणाकडे आधीपासून केशरी गराचा वेल असेल, तर येत्या बैठकीला दोन-चार तुकडे ओल्या फडक्यात गुंडाळून आणा.